येते म्हटलं

१

बाथरूमचं दार चोवीस इंची होतं आणि आईची चाकाची खुर्ची सव्वीस इंची. सगळं त्या दोन इंचांपायी झालं.

आईला झटका येऊन चार महिने झाले होते. उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ मात्र शाबूत राहिली. तिच्या बाबतीत उलटं काही होणं शक्यच नव्हतं. दादाचं फोनवर एकच पालुपद होतं: चांगली संस्था बघू, तिथे चोवीस तास माणसं असतात. मी म्हटलं, आई या घरातून कुठेही जाणार नाही, मी भिंत सरकवीन. बोलून गेले, आणि मग भिंत सरकवणारी माणसं शोधत बसले.

भिंत दोन फूट मागे घ्यायची, दार रुंद करायचं, उंबरा काढायचा, एवढंच काम होतं. पण भिंत फोडली तेव्हा आत पत्र्याचा चौकोनी डक्ट निघाला. माळ्यावरच्या मशीनमधून गरम-गार हवा सगळ्या खोल्यांना जाते, तिची आईच्या खोलीकडची फांदी नेमकी या भिंतीतून गेलेली. ती तोडून पॅसेजच्या छतावरून वळवल्याशिवाय भिंत हलणार नव्हती. नाकापेक्षा मोती जड, असं आई म्हणाली. डक्टवाल्या काकांना बोलवावं लागलं.

काका साठीचे असतील. गुडघ्यांना रबरी टोप्या बांधलेल्या, खिशात फॉइल टेपचं रीळ, आणि तोंड सतत चालू. पत्र्यावर टिचकी मारायचे, कान लावायचे आणि पत्रा काय म्हणाला ते आम्हाला सांगायचे.

"आजी, तुमच्या खोलीची हवा चार दिवस बंद बरं का."

"माझी हवा होती तेव्हा तुम्ही हाफ चड्डीत असाल," आई म्हणाली.

काका खूश झाले. त्यांना बोलायला माणूस मिळालं आणि मला कामाला शांतता.

मी घरून काम करते. औषधाच्या खोक्यात घडी घातलेली जी चिठ्ठी असते, ती छापायच्या आधी वाचून तिच्यातल्या चुका काढते. गरगरणे, मळमळ, तोंडाला कोरड, क्वचित मृत्यू. 'क्वचित'मधला चि ऱ्हस्व आहे ना एवढं बघायचं, मृत्यूकडे बघायचं नाही. गेले चार महिने मी घरातही तशीच वागत होते.

२

आमच्या घरात 'जाते' म्हणायची सोय नाही. तसं कुठल्याच घरात कुणी म्हणत नाही, पण आईचं जरा जास्तच होतं. चार दिवसांसाठी गावाला जायचं असो की कोपऱ्यावरून साबण आणायचा असो, ती दाराच्या चौकटीला चार बोटं धरून उभी राहायची आणि म्हणायची, "येते गं." आतून कुणी 'ये' म्हटल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायची नाही. उत्तर आलं नाही तर पुन्हा, जरा वरच्या पट्टीत: "येते म्हटलं." बाबा पेपरामागून 'ये' म्हणायचे, मी अभ्यासातून मान वर न करता म्हणायचे. परतल्यावरही तसंच: दाराबाहेरून 'आले गं', आणि आतून 'आलीस?' ऐकल्यावरच आत पाऊल. ते काही बोलणं नव्हतंच. शिंक आल्यावर नाक पुसावं तसं तोंडातून यायचं.

झटक्यानंतर तर गंमतच झाली होती. खुर्ची मी ढकलत असते. खोलीत दुसरं कुणी नसतं. आई त्या रिकाम्या खोलीला म्हणते "येते गं", आणि तिच्या पाठीमागे उभी राहून मीच म्हणते "ये".

कामाच्या पहिल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी टेबलाशी बसले होते. रक्तदाबाच्या गोळीची चिठ्ठी होती. टेबलाच्या वर भिंतीत हवेची जाळी आहे. तिच्यातून आवाज आला.

"येते गं."

"हो, ये," मी म्हटलं.

पुढची दीड ओळ वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आई आपली आपण कुठेही जाऊ शकत नाही.

धावत बाहेर गेले. मला वाटलं पडली, उठायला गेली आणि पडली. आई हॉलमध्ये खुर्चीतच होती. टीव्ही चालू, मान छातीवर, तोंड किंचित उघडं, गाढ झोपलेली. मांडीवरची शाल मी सकाळी जशी खोचली होती तशीच होती.

झोपेत बोलली असेल, असं मी मनात म्हटलं. झोपेत माणसं बोलतात.

३

काकांना मी सहज म्हणून विचारलं. त्यांनी ताबडतोब एक गोष्ट सांगितली.

"ताई, डक्ट म्हणजे चोंबडी शेजारीण. इकडचं ऐकून तिकडे सांगणार. एका घरी मालक बाथरूममध्ये दार लावून फोनवर गुलुगुलु बोलायचे. बायको स्वयंपाकघरात जाळीखाली उभी. मी माळ्यावर. आम्ही दोघं ऐकतोय."

"मग?"

"मग काय, मी दुसऱ्या दिवशी काम संपवलं. त्यांचं काम बरेच दिवस चाललं."

मी हसले. पटण्यासारखं होतं. आई झोपेत पुटपुटली, हॉलच्या जाळीने ते उचललं आणि माझ्या टेबलावर आणून टाकलं. एवढं साधं.

दुपारी काकांनी फांदी कापली. फोडायच्या भिंतीतला तुकडा काढून अंगणात टाकला. पण ती फांदी कोपऱ्यात वळून शेजारच्या भिंतीत शिरत होती आणि तिथून सहा फुटांवर आईच्या खोलीत निघत होती. त्या भिंतीत बेसिनचे नळ होते, ती फोडायची नव्हती. म्हणून तेवढा तुकडा आतच राहिला. आईच्या खोलीकडचं तोंड पत्रा ठोकून बुजवलं, बाथरूमकडच्या तोंडाला प्लास्टिक ताणून चारी बाजूंनी टेप मारली.

"झालं. आता ही कुणाचं ऐकणार नाही, कुणाला सांगणार नाही," काका म्हणाले.

आईच्या खोलीत गारठा येणार होता, म्हणून तिची खुर्ची माझ्या कामाच्या खोलीत आणली. बाथरूमच्या समोरचीच खोली. संध्याकाळी तिने माझ्याकडे बघितलं.

"बाई, थोडं पाणी देता का?"

मला वाटलं टिंगल करतेय. माझं खरं नाव तिने कधी घेतलं नाही. मी जन्मापासून ठमी, रागावली तर ठमाबाई. पण तिचा चेहरा टिंगलीचा नव्हता. अनोळखी घरी पाणी मागताना माणूस करतो तसा जरा संकोचाचा होता.

मी पाणी दिलं. ती "आभारी आहे" म्हणाली.

डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की असं होऊ शकतं. माणसं विसरतात, नावं मागेपुढे होतात. मी ते टिपून ठेवलं, तारखेसकट. खरं तर मला घाबरायला हवं होतं. पाय फार वेळ दुमडून बसलं की चिमटा काढला तरी कळत नाही, तसं काहीतरी माझं झालं होतं.

४

दुसऱ्या दिवशी साडेदहाला काका माळ्यावर नवा डक्ट टांगत होते. बाथरूममध्ये कुणी नव्हतं. आई माझ्या शेजारी डुलक्या घेत होती, तिचं तोंड मिटलेलं होतं. तिचं तोंड मिटलेलं होतं हे मी नक्की सांगू शकते, कारण आवाज आला तेव्हा मी तिच्याकडेच बघत होते.

"येते गं."

आवाज आईचा. 'गं'वर श्वास सोडायची तिची सवय होती, तीही त्यात होती. आणि तो समोरून आला, बाथरूमच्या भिंतीतून. दार काढलेलं होतं, त्यामुळे सरळ दिसत होतं. डक्टच्या तोंडावरचं प्लास्टिक बाहेरच्या बाजूला फुगलं होतं आणि तसंच थांबलं होतं.

मशीन बंद होतं. दोन्ही तोंडं बंद होती. मी हे सगळं मनात नीट मांडलं, ओळीने. कुठे चूक सापडेना.

मी उत्तर दिलं नाही. का दिलं नाही ते सांगता येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा दिलं नाही. प्लास्टिक फुगलेलंच राहिलं. भिंतीतलं जे होतं ते वाट बघत होतं, आणि मीही.

"येते म्हटलं."

तेव्हा माळ्यावरून काकांचा आवाज आला, खुशीत, तोंडात स्क्रू धरल्यासारखा.

"या आजी, या."

प्लास्टिक खाली बसलं. त्याला सुरकुत्या पडल्या. आई झोपेतच सुस्कारली आणि तिची मान दुसऱ्या खांद्यावर गेली.

अकरा वाजता काका चहाला खाली उतरले. "काय आजी, कुठे निघाला होता? दोनदा म्हणालात. भिंतीला कान असतात म्हणतात, पण या घरात तोंडही आहे." मग त्यांनी आईकडे बघितलं. ती अजून झोपलेली होती, ओठांच्या कोपऱ्यात वाळलेली लाळ होती.

"केव्हा झोपल्या?"

"नाश्ता झाल्यापासून."

काकांनी कप दोन्ही हातांत धरला. बाथरूमकडे बघितलं. पत्रा काय म्हणतो हे ते सांगतील म्हणून मी थांबले होते.

"साखर जरा कमी आहे," ते म्हणाले. कप अर्धाच ठेवून ते परत माळ्यावर चढले.

५

त्याच दुपारी आईने उजव्या हाताने चमचा उचलला.

व्यायाम करून घेणाऱ्या बाई आठवड्यातून तीनदा यायच्या. चार महिने त्या उजव्या बोटांना एकेक करून उघडायच्या आणि ती एकेक करून मिटायची. त्या दिवशी आईने त्यांचा हात असा दाबला की त्या ओरडल्याच. मग हसल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"इतकी सुधारणा मी बघितलेली नाही. काय केलंत?"

"भिंत फोडली," मी म्हटलं.

आई हसली. छान हसली, सगळ्यांकडे सारखं बघून. पूर्वी आई हसायची ती कुणाला तरी.

रात्रीच्या जेवणाआधी दादाचा फोन आला. मी आईला दिला आणि स्वयंपाकघरात गेले. परत घेतला तेव्हा दादा नाक ओढत बोलत होता. "अगं, किती शहाण्यासारखी बोलली. म्हणाली माझी काळजी करू नका, मी इथे सुखात आहे. तू बरोबर होतीस. संस्थेचा विषय संपला."

"करू नका म्हणाली?"

"काय?"

"'नकोस' की 'नका'?"

"तू पण ना," दादा म्हणाला. "चिठ्ठ्या वाचून वाचून डोक्यावर परिणाम झालाय तुझ्या. आई बरी होतेय, जरा खूश हो की."

खूश व्हायला हवं होतं हे खरं. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. आई घरातच राहणार होती.

झोपायला नेताना मी खुर्ची दाराशी थांबवली. आईने मान वळवून बघितलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग चला," ती म्हणाली.

मी खुर्ची पुढे ढकलली. खोली आमच्या मागे रिकामी होती, आणि तिला कुणी काही सांगितलं नाही.

६

तिसऱ्या दिवशी नवा डक्ट जोडून झाला. आईच्या खोलीत गरम हवा आली. काकांनी जाळीसमोर कागदाची पट्टी धरून दाखवली, ती फडफडली. मग ते मला बाथरूममध्ये घेऊन गेले.

"हा आत राहिलेला तुकडा. आमच्यात याला मेलेली लाइन म्हणतात. बाहेर काढायचा तर बेसिनची भिंत फोडावी लागेल, आणखी आठवडा. नाहीतर टोपण मारतो, उद्या टाइलवाला वरून टाइल लावून टाकेल. लोक तेच करतात." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "तुम्ही सांगाल तसं."

"आत काही नाहीये ना?"

"काय असणार?"

"तुम्ही बघितलं?"

"ताई, मी चाळीस वर्षं डक्टमध्ये डोकं घालतोय," काका म्हणाले. "इथे नाही घातलं."

त्यांनी टेप सोडवली आणि बाजूला झाले. मी स्टुलावर चढले. त्यांची बॅटरी घेतली. पत्र्याचा चौकोन, रुंदीला माझे दोन हात मावतील एवढा. आत धूळ, करड्या रंगाची, सपाट. चार फुटांवर डक्ट उजवीकडे वळत होता. हवा गार होती आणि तिला खोबरेल तेलाचा वास होता.

वळणाच्या कडेला चार बोटं होती.

वळणामागून धरलेली, चौकट धरावी तशी. पलीकडे कुणीतरी उभं आहे आणि निघण्याआधी किंवा आत येण्याआधी थांबलं आहे, अशी. मधल्या नखावर उभी रेघ होती. ती रेघ मला माहीत आहे. सुरी लागून पडलेली, मी तेव्हा सात वर्षांची होते.

मी बॅटरी बंद केली.

इन्सुलेशनचे पुंजके असतात, जुन्या डक्टमध्ये सुटून लोंबतात. काकांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. अंधारात डोळ्यांना हवं ते दिसतं. आणि आई त्या क्षणी समोरच्या खोलीत बसली होती. मला तिची पाठ दिसत होती, पांढरा अंबाडा दिसत होता. ती उजव्या हाताने शालीची घडी घालत होती, कडेला कड जुळवून. अंबाडा तिने आपला आपण घातला होता.

पुन्हा बॅटरी लावून बघणं सोपं होतं. मी लावली नाही. मी हिशेबी माणूस नाही, पण तेव्हा मनात सरळ विचार आला, आणि तो लपवण्यात अर्थ नाही: ती बोटं आईची असली, तर समोर बसलीय ती कोण, हे मला विचारावं लागेल. तिला घराबाहेर काढावं लागेल. कुणाला सांगू, काय सांगू? एका घरात दोन आया मी कुठे ठेवू? आणि ही बरी होत होती. हिला त्रास नव्हता.

"बंद करा," मी म्हटलं.

काकांनी टोपण बसवलं. आठ स्क्रू मारले, कडेने टेपचे दोन वेढे दिले. पत्र्यावर टिचकी मात्र मारली नाही. सामान भरून दाराशी गेले, चपला घातल्या. आदल्या दोन्ही संध्याकाळी ते 'येतो ताई, येतो आजी' करत निघाले होते.

"जातो," ते म्हणाले.

७

टाइलवाला त्याच्या वेळेला आला, त्याच्या वेळेला गेला. फिकट निळ्या टाइल्स, मधल्या सांध्यांत पांढरी भर. बेसिनच्या वर भिंत एकसारखी झाली. कुठे काय होतं ते मलाही बोट ठेवून दाखवता आलं नसतं.

आठवडाभर मी कामं केली. भांडी, कपडे, चिठ्ठ्या. एका चिठ्ठीत 'क्वचित'चा चि दीर्घ राहून गेला आणि तसाच छापला गेला. वरिष्ठांचा फोन आला, मी बरं म्हटलं. आई रोज थोडी जास्त चालायची. आधी दांडी धरून, मग भिंत धरून. जेवण झालं की ताट उचलून ठेवायची. मला 'बाई' म्हणायची, किंवा काहीच नाही. दादाने येऊन तिला बघितलं आणि जाताना मला जवळ घेतलं. असं त्याने बाबा गेले तेव्हा केलं होतं.

टाइल्स पक्क्या वाळल्यावर आईची नव्या बाथरूममधली पहिली अंघोळ. सकाळचे अकरा असतील. बाथरूममध्ये ऊन आलं होतं, नव्या जाळीतून गरम हवा येत होती. ओल्या फरशीवर चालायला नको म्हणून खुर्चीच आत नेली, ती कुठे घासली नाही. मी आईला बसक्या स्टुलावर घेतलं, पाठीवर तांब्याने पाणी घातलं. पाठ मऊ होती, गरम होती. मी लहानपणी घासायचे तीच पाठ. डाव्या खांद्याखालचा तीळ जागच्या जागी होता. तो बघून माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, झालं ते झालं, वेड्यासारखं काहीतरी डोक्यात घेतलं होतं.

तेवढ्यात बेसिनच्या भिंतीतून आवाज आला. टाइलच्या मागून, दबलेला, लांबून चालत आल्यावर लागते तशी धाप असलेला.

"आले गं."

माझं तोंड उघडलं होतं. 'आलीस?' जिभेवर आलं होतं, अगदी ओठांपर्यंत.

स्टुलावरच्या आईचा ओला हात माझ्या मनगटावर पडला. उजवा. तिने मागे वळून बघितलं नाही.

"ठमे," ती म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "बोलू नकोस."

ते तिने इतकं बरोबर म्हटलं की मला वाटलं, आता रडू येईल. ते आलं नाही.

भिंतीतून दुसरा आवाज आला नाही. ती थांबली होती. आतून कुणी काही म्हटल्याशिवाय ती पाऊल टाकणार नाही, हे या घरात माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? एक शब्द पुरला असता. मी तोंड मिटलं आणि दात दातांवर दाबून धरले.

मनगटावरचा हात सैल झाला.

"पाणी गार झालं बघ," आई म्हणाली.

मी गरम पाण्याचा नळ सोडला आणि तिच्या पाठीला साबण लावायला घेतला.